तळघर, जोतें आणि पावसाचें पाणी



मृग नक्षत्र लागून पहिला पाऊस पडला म्हणजे आपल्या भिवंडी गांवांत दोन तऱ्हेचीं माणसें दिसूं लागतात. एक, मातीचा वास घेत अंगणांत उभीं राहणारीं. आणि दुसरीं, खालीं वाकून उंबरठ्याकडे व गटाराकडे चिंतेनें पाहणारीं. ज्यांचीं घरें उंच जोत्यावर आहेत तीं पहिल्या वर्गांत मोडतात. ज्यांचें घर, दुकान किंवा मागाचा कारखाना रस्त्याच्या पातळीखालीं आहे, त्यांना मात्र आषाढ-श्रावणाच्या रात्रीं स्वस्थ झोंप येत नाहीं. तीनबत्ती, भाजी मंडई, ईदगाह, कामवारी नदीजवळचा नदीनाका या भागांत जोराचा पाऊस झाला कीं पाणी भरतें, हें आपल्यापैकीं पुष्कळांनीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

एका पावसाळ्यांत दोन दिवस बंद राहिलेली शाळा पुन्हां भरली, तेव्हां माझ्या वर्गांतील एक मुलगा वह्यांवांचून आला. कारण विचारतां तो म्हणाला, "सर, वह्या माळ्यावर वाळत घातल्या आहेत." अधिक चौकशी केल्यावर सर्व हकीकत कळली. त्याच्या वडिलांचे चार यंत्रमाग घराच्या खालच्या भागांत होते. आजोबांच्या काळीं ती जागा रस्त्याच्या बरोबरीची होती. पुढें रस्त्यावर थरांमागून थर पडत गेले, आणि आतां तेथें जाण्यास तीन पायऱ्या उतराव्या लागतात. रात्रीं घरचीं माणसें झोंपलेलीं असतां पाणी आलें. मोटारी, सुताच्या पेट्या, विणून ठेवलेलें कापड, सारें बुडालें. मुलगा रडला नाहीं, पण त्यानें मला एक प्रश्न केला: "सर, दाराला तर फळी लावून फटींत चिंध्या कोंबल्या होत्या. मग पाणी आलें कोठून?"

हा प्रश्न लहान दिसतो, परंतु घराच्या रक्षणाचें सारें शास्त्र त्यांतच आहे. शत्रू कोणत्या वाटेनें येतो हें ज्याला ठाऊक नाहीं, तो किल्ल्याच्या महादरवाजावर पहारा ठेवतो आणि शत्रू चोरवाटेनें आंत येतो. म्हणून प्रथम पाण्याच्या वाटा पाहूं.

पाण्याच्या चार वाटा

पहिली वाट आकाशांतून. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर बरोबर एक लिटर पाणी. आपल्या घराचें छप्पर दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद असेल आणि एका दिवसांत १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर एकट्या छपरावरून १०,००० लिटर पाणी खालीं येतें. हें पाणी पन्हाळीनें दूर नेलें नाहीं, तर तें पायाशींच मुरतें. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथील वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. म्हणजे त्याच छपरावर त्या दिवशीं ९४,४०० लिटर पाणी पडलें असतें! त्या पुरांत ठाणें जिल्ह्यांतील उल्हास नदीकांठच्या गांवांचीही मोठी हानि झाली.

दुसरी वाट नदीची व खाडीची. कामवारी ही आपली नदी. ती पुढें खाडीस मिळते, आणि खाडी समुद्रास. समुद्रास भरती आली कीं खाडीचें पाणी चढतें, व नदीनाल्यांचें पाणी बाहेर पडण्याचें दारच जणूं बंद होतें. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास भरती मोठी असते. तिला आपण उधाण म्हणतों. अष्टमीच्या सुमारास ती लहान असते. तिला भांग म्हणतात. तिथीच्या आंकड्याची पाऊणपट केली असतां पूर्ण भरतीची वेळ येते, असा कोंकणपट्टींत एक जुना ठोकळ हिशेब आहे. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां, पौर्णिमेस सव्वाअकराच्या सुमारास. किनाऱ्यापासून आंत खाडींत ती याहून उशिरां पोंचते. मुसळधार पाऊस आणि उधाणाची भरती यांची गांठ पडली म्हणजे सखल भागास धोका अधिक, हें पंचांग पाहून घरच्या घरीं ओळखतां येतें. २६ जुलै २००५ रोजीं दुपारीं मुसळधार पाऊस व भरती यांची गांठ पडली होती.

तिसरी वाट मोरीची. आणि माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर हेंच. गवंडी दोन भिंतींची पातळी कशी जुळवतो तें तुम्ही पाहिलें असेल. तो एका पारदर्शक नळींत पाणी भरतो व तिचीं दोन टोकें दोन ठिकाणीं धरतो. नळी कितीही वांकडी असो, दोन्ही टोकांस पाणी एकाच पातळीस उभें राहतें. तुमच्या घराची मोरी, संडास आणि रस्त्यावरचें गटार हीं अशाच एका नळीनें जोडलेलीं आहेत. रस्त्यावर गटार तुंबून पाणी दोन फूट चढलें आणि तुमची मोरी रस्त्याच्या खालीं असली, तर दार कितीही घट्ट लावा. पाणी मोरींतून उलटें वर येईल आणि बाहेरच्या पातळीस पोंचेपर्यंत थांबणार नाहीं. शिवाय तें स्वच्छ पावसाचें पाणी नसून गटाराचें असेल.

चौथी वाट जमिनींतून. पावसाळ्यांत माती पाण्यानें तुडुंब होते. तळघराची भिंत व फरशी अशा मातींत बुडालेली असते. विटांच्या सांध्यांतून, फरशीच्या कडेनें, नळ ज्या भोंकांतून आंत येतात त्यांच्या भोंवतालून तें पाणी झिरपतें. ही वाट हळू आहे. पण पावसाळाभर ती बंद होत नाहीं.

पाण्याचें बळ

पाणी मऊ दिसतें म्हणून त्याचें बळ पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. एक घनमीटर पाण्याचें वजन १,००० किलो, म्हणजे एक टन. एक मीटर रुंदीच्या दाराबाहेर ३० सेंटिमीटर पाणी उभें राहिलें, तर दारावर सुमारें ४५ किलोंचा दाब पडतो. पाणी ६० सेंटिमीटर झालें तर दाब दुप्पट होईल असें तुम्हांस वाटेल. तो चौपट होतो, म्हणजे १८० किलो! ९० सेंटिमीटर झालें तर नऊपट, ४०५ किलो. कारण असें कीं पाणी चढलें म्हणजे दाराचा भिजणारा भाग वाढतो आणि प्रत्येक भागावरचा दाबही वाढतो. दोन वाढींचा गुणाकार होतो. तळघरांत अडकलेल्या माणसास बाहेर पाणी असतां दार कां ढकलतां येत नाहीं, हें या हिशेबावरून कळेल.

हेंच बळ तळघराच्या फरशीस खालून वर ढकलीत असतें. दहा सेंटिमीटर जाडीच्या कॉंक्रिटचें वजन दर चौरस मीटरला सुमारें २४० किलो असतें. भिंतींशीं न जखडलेल्या अशा फरशीखालीं पाण्याची पातळी तिच्या तळापासून केवळ २४ सेंटिमीटर चढली कीं वजन व दाब सारखे होतात. त्यापुढें फरशी उचलली जाऊन तडकूं लागते. तळघर बांधणें म्हणजे जमिनींत खड्डा करून त्यावर छप्पर घालणें नव्हे. तें एक जहाज बांधण्यासारखें काम आहे, आणि जाणत्या अभियंत्याच्या सल्ल्यावांचून तें करूं नये.

उपाय: क्रमानें

पहिला उपाय मोजण्याचा. त्याला खर्च नाहीं व तो तुम्ही मुलें करूं शकतां. मागच्या पुराची खूण भिंतीवर कोठें आहे तें घरांतील वडील माणसांस विचारा. गवंड्यासारखी पारदर्शक नळी घेऊन ती पातळी उंबरठ्याशीं, मोरीशीं, विजेच्या मीटरशीं आणि मागाच्या मोटारीशीं ताडून पाहा. खुणेच्या खालीं काय काय येतें त्याची यादी करा. ही यादीच पुढच्या सर्व कामाचा नकाशा होय.

दुसरा उपाय पाणी दूर ठेवण्याचा. घराभोंवतालच्या जमिनीस घरापासून बाहेर उतार असावा. दर दहा फुटांस सहा इंच असला तर उत्तम. छपराच्या पन्हाळी पावसाळ्यापूर्वीं साफ कराव्या व त्यांचें पाणी पायाजवळ न सोडतां नळानें दूर न्यावें. नवें घर बांधतांना जोत्याविषयीं कंजुषी करूं नये. जोतें सभोंवतालच्या जमिनीपासून निदान ४५ सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट उंच असावें, असें राष्ट्रीय इमारत संहितेंत सांगितलें आहे. सखल जागीं याहून अधिक हवें. आणि रस्ता पुढें उंच होणार हेंही मनांत धरावें. आपल्या जुन्या कोंकणी घरांना उंच दगडी जोतें, चढून जाण्यास पायऱ्या आणि धान्यासाठीं माळा असे, तो केवळ थाट नव्हता.

तिसरा उपाय मोरीचा. घरांतून बाहेर जाणाऱ्या सांडपाण्याच्या नळावर एकाच दिशेनें उघडणारी झडप बसवून घ्यावी. पाणी बाहेर जातांना ती उघडते, उलटें येऊं लागलें कीं आपोआप मिटते. तिच्यांत केर अडकला तर ती मिटत नाहीं; म्हणून दरवर्षीं वैशाखांत ती उघडून साफ करावी. झडप मिटलेली असतां घरांतील पाणीही बाहेर जाणार नाहीं, हें ध्यानांत ठेवून त्या वेळीं मोरींत धुणीं-भांडीं करूं नयेत. झडप नसेल तर मोरीच्या तोंडास घट्ट बसेल असा रबराचा दट्ट्या आधींच करवून ठेवावा व वर वाळूचें पोतें ठेवावें.

चौथा उपाय दाराचा. चौकटीच्या दोन्ही बाजूंस खांचा करून त्यांत बसणारी फळी व खालीं रबराची पट्टी असावी. वाळूचीं पोतीं वापरावयाचीं तर तीं अर्ध्याहून थोडीं अधिकच भरावीं, म्हणजे चेपून बसतात. विटांप्रमाणें सांधा चुकवून रचावीं, आणि बाहेरच्या अंगास ताडपत्री किंवा प्लॅस्टिकचा जाड कागद अंथरून त्याची कड पोत्यांखालीं दाबावी. पोत्यांनीं पाणी पूर्ण अडत नाहीं. तें मंद होतें व आपणांस वेळ मिळतो. जमिनीलगतचे झरोके याच वेळीं बंद करावे.

पांचवा उपाय झिरपणाऱ्या पाण्याचा. भिंतीस बाहेरून जलरोधक लेप दिला तर तो टिकतो, कारण पाण्याचा दाब त्याला भिंतीशींच चेपतो. आंतून दिलेल्या लेपास तोच दाब सोलून काढतो. जुन्या घरास बाहेरून खणणें शक्य नसेल, तर तळघराच्या सर्वांत सखल कोंपऱ्यांत एक हौदासारखा खड्डा करून सर्व बाजूंनीं बारीक पन्हळ त्याकडे आणावे. खड्ड्यांत पंप बसवावा. पाणी चढलें कीं तरंगणाऱ्या गोळ्यानें तो आपोआप सुरू होतो. परंतु जोराच्या पावसांत वीज जाण्याचा संभव असतो, म्हणून विजेवांचून चालेल असें दुसरें साधन हातीं असावें. तेलावर चालणारें इंजिन मात्र तळघरांत कदापि लावूं नये. त्याच्या धुरांतील विषारी वायूस वास नसतो व तो माणसास न कळत मारतो.

सहावा उपाय सर्वांत साधा आणि सर्वांत स्वस्त: वस्तु वर ठेवणें. मोटारी पुराच्या खुणेपेक्षां उंच ओट्यावर बसवाव्या. विजेचे खटके व मीटर वर घ्यावे. सूत, कापड, धान्य फळ्यांच्या मांडणीवर ठेवावें. दस्तऐवज, शाळेचे दाखले व घराचीं कागदपत्रें पत्र्याच्या पेटींत घालून माळ्यावर ठेवावीं.

थांबावें कोठें

आतां एक कठीण गोष्ट सांगतों. पाणी अडविण्यासही मर्यादा आहे. साध्या विटांच्या भिंतीबाहेर दोन-तीन फुटांहून अधिक पाणी उभें असतां आंत मात्र एक थेंब येऊं दिला नाहीं, तर वर सांगितलेल्या दाबानें भिंतच कोसळूं शकते. अशा वेळीं सामान वर नेऊन पाण्यास आंत येऊं देणें हेंच शहाणपण. दोन्ही बाजूंस पाणी सारखें झालें कीं दाब उरत नाहीं आणि घर वांचतें. सामान भिजतें, घर टिकतें. आणि घरांतलीं माणसें आधींच वरच्या मजल्यावर गेलेलीं असावीं.

२७ जुलै २०२४ रोजीं दिल्लीच्या जुन्या राजेंद्र नगर भागांत एका शिकवणी-संस्थेच्या तळघरांतील वाचनालयांत पावसाचें पाणी अकस्मात् शिरलें आणि तीन विद्यार्थी मृत्यूमुखीं पडले. तीं तुमच्यासारखींच अभ्यास करणारीं मुलें होतीं. सप्टेंबर २०२१ च्या आरंभीं न्यूयॉर्कसारख्या श्रीमंत नगरांतही एका रात्रीच्या पावसानें जे लोक दगावले, त्यांतील बहुतेक तळघरांत राहणारे होते. म्हणून हे नियम पाठ करा. पावसाळ्यांत तळघरांत कोणी झोंपूं नये. पाणी येऊं लागलें तर वस्तूसाठीं खालीं उतरूं नये. मेन स्विच कोरड्या पायांनीं गांठतां येत असेल तरच बंद करावा. तो पाण्यांत असेल तर त्याच्या वाटेस न जातां वीज मंडळींना कळवावें. वीज चालू असतां सांचलेल्या पाण्यांत पाय घालूं नये. माग पुन्हां घेतां येतो. बाप पुन्हां मिळत नाहीं.

पाणी ओसरल्यावर

बाहेरचें पाणी ओसरलें कीं तळघर एकदम उपसून टाकण्याची घाई होते. भोंवतालची माती अजून भिजलेली असते व तिचा दाब भिंतींवर असतोच; आंतला आधार एकाएकीं काढला तर भिंत आंत येते. पांच मीटर लांब, चार मीटर रुंद तळघरांत एक मीटर पाणी असेल तर तें २०,००० लिटर होतें. मिनिटास १०० लिटर उपसणारा पंप तें साडेतीन तासांच्या आंत काढील. पण तसें करूं नये. दिवसास तिसरा हिस्सा काढावा, भिंतीवर खूण करावी, रात्रींतून पाणी पुन्हां चढलें तर एक दिवस थांबावें.

चिखल ओला असतांच धुवून काढावा. वाळला कीं तो दगडासारखा होतो. पिण्याचें पाणी उकळून घ्यावें. पायास जखम असेल तर पुराच्या पाण्यांत जाऊं नये. उंदरांच्या मूत्रानें दूषित झालेल्या पाण्यांतून लेप्टोस्पायरोसिस नांवाचा ताप येतो. २००५ च्या पुरानंतर मुंबईंत त्याची मोठी साथ आली होती. पुरानंतर ताप आला तर अंगावर काढूं नये, डॉक्टरांस पुराच्या पाण्याची गोष्ट आवर्जून सांगावी. भिजलेल्या मोटारी जाणत्या कारागिराकडून वाळवून व तपासून घेतल्याखेरीज सुरू करूं नयेत.

शेजारधर्म

शेवटीं एक विचार. मी माझें अंगण भरावानें उंच केलें तर माझ्या अंगणांतलें पाणी नाहींसें होत नाहीं. तें शेजाऱ्याच्या ओटीवर जातें. मी प्लॅस्टिकची पिशवी गटारांत टाकली तर ती चार घरें पलीकडे नळाचें तोंड बंद करते, आणि त्याच रात्रीं गवंड्याच्या नळीचा नियम माझ्याही मोरींत येऊन उभा राहतो. पाण्यास घराच्या हद्दी ठाऊक नाहींत. म्हणून घराचें रक्षण गल्लीच्या रक्षणावांचून पुरें होत नाहीं. वैशाखांत एक दिवस ठरवून गल्लींतील सर्वांनीं आपापल्या दारचें गटार पाहावें, तुंबलेलें असेल तर नगराच्या अधिकाऱ्यांकडे एकत्र अर्ज करावा. आणि रस्ता उंच होणार असेल तर काम सुरू होण्यापूर्वींच पाण्याच्या वाटेविषयीं विचारावें, नंतर नव्हे.

त्या विद्यार्थ्याचें पुढें काय झालें, असें तुम्ही विचाराल. त्यानें व त्याच्या वडिलांनीं उन्हाळ्याच्या सुटींत नळी घेऊन घर मोजलें. मोरीवर झडप बसली, मोटारी दोन फूट ओट्यावर गेल्या, आणि सुताच्या पेट्यांसाठीं मांडणी झाली. पुढच्या पावसाळ्यांत रस्त्यावर पुन्हां पाणी आलें. खालच्या जागेंत चार बोटें ओल आली, तेवढीच. दुसऱ्या दिवशीं तो वर्गांत आला तेव्हां त्याच्या वह्या कोरड्या होत्या. त्यानें कांहीं सांगितलें नाहीं; फक्त दप्तर उघडून दाखविलें.

तुम्हीही या सुटींत एक नळी, एक खडू आणि एक कागद घ्या, आणि आपलें घर मोजा. पुढच्या पावसाआधीं तेवढा वेळ तुम्हांस खास आहे.